नावनिशीवार

१९४७ साली बेलग्रेडच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयात व्लादेता वुचकोविच नावाचा गणिताचा एक विद्यार्थी नोकरीला होता. एक दिवस त्याला वरून हुकूम आला. दुसऱ्या महायुद्धात युगोस्लाव्हियाची किती माणसं गेली, ते दोन आठवड्यांत काढून द्यायचं. आकडा दणदणीत हवा आणि त्याला शास्त्राचा आधार दिसला पाहिजे. जर्मनीकडून भरपाई मागायची होती, त्यासाठी हा कागद लागणार होता. वुचकोविचच्या टेबलावर मेलेल्यांची कसलीही यादी नव्हती. युद्धाआधीची शिरगणती त्यानं समोर घेतली, लोकसंख्या कोणत्या वेगानं वाढत होती ते धरलं, युद्ध झालंच नसतं तर देशात किती लोक असते ते मांडलं आणि त्यातून प्रत्यक्षात उरलेले वजा केले. उत्तर आलं सतरा लाख.

या सतरा लाखांत मारली गेलेली माणसं होती, देश सोडून गेलेली होती आणि जन्मालाच न आलेली मुलंही होती. लोकसंख्येची तूट मोजायची ही रीत चुकीची नाही. पण तूट म्हणजे मृतांची संख्या नव्हे, हे त्या तरुणाला ठाऊक होतं. सरकारनं मात्र ती तूट ‘युद्धातले बळी’ म्हणून जगापुढे ठेवली. १७ लाख ६ हजार हा आकडा शाळेच्या पुस्तकांत गेला, स्मारकांच्या भाषणांत गेला आणि चाळीस वर्षं तिथेच राहिला. वुचकोविच पुढे अमेरिकेत गणिताचा प्राध्यापक झाला. ही सगळी हकिकत त्यानं १९८५ साली परदेशातून निघणाऱ्या एका सर्बियन नियतकालिकात लिहून टाकली.

युद्धात नागरिक किती मेले आणि त्याला जबाबदार कोण, हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे समजतो. पहिला हिशेबनिसाचा, दुसरा न्यायाधीशाचा. युगोस्लाव्हियाच्या इतिहासात या दोन प्रश्नांची अशी गाठ पडलेली आहे की एकाला हात लावला की दुसरा हलतो. म्हणूनच तो इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. अंदाजे सांगितलेल्या आकड्यानं इथे नव्या युद्धाला सरपण पुरवलं आणि नावांच्या यादीनं काही सेनापतींना तुरुंगात पोचवलं.

खरं तर नावं गोळा करण्याचा प्रयत्न कम्युनिस्ट राजवटीनंच एकदा केला होता. पश्चिम जर्मनीशी भरपाईची बोलणी सुरू असताना, १९६४ साली, देशभर घरोघर फिरून युद्धातल्या बळींची नोंद झाली. नावं भरली ५ लाख ९७ हजार ३२३. शत्रूच्या बाजूनं लढून मेलेल्यांना या यादीत जागाच नव्हती, आणि जिथे अख्खं कुटुंब संपलं होतं तिथे नाव सांगायला मागे कोणी उरलं नव्हतं. ही गळती धरली तरी सतरा लाखांपर्यंत पोचणं अशक्य होतं. मग सरकारनं सोपा मार्ग धरला. यादी कुलपात ठेवली आणि सतरा लाख चालू ठेवले. ती यादी जनतेसमोर यायला पाव शतक जावं लागलं.

दरम्यान दोन माणसांनी आपापल्या परीनं पुन्हा गणित मांडलं. परदेशात राहणाऱ्या बोगोल्युब कोचोविच या सर्बानं १९८५ साली १० लाख १४ हजार हा आकडा काढला. झाग्रेबच्या व्लादिमीर झेर्याविच या क्रोएटानं १९८९ साली काढला १० लाख २७ हजार. ज्या दोन समाजांचं एकमेकांवरच्या आरोपांवाचून पान हलत नव्हतं, त्यांतला एकेक माणूस स्वतंत्रपणे मोजायला बसतो आणि दोघांच्या उत्तरांत तेरा हजारांचाच फरक पडतो. त्या काळी ही बातमी पहिल्या पानावर यायला हवी होती.

पण पहिल्या पानावर यासेनोवाच होतं. सावा नदीकाठी क्रोएशियातल्या उस्ताशा राजवटीनं १९४१ ते १९४५ चालवलेली ही छळछावणी. मारले गेलेले मुख्यत्वे सर्ब, रोमा आणि ज्यू. सरकारी तोंडी तिथल्या मृतांचा आकडा सात लाख होता, आणि ऐंशीच्या दशकात बेलग्रेडच्या काही वक्त्यांनी तो दहा लाखांवर नेला. उलट बाजूला फ्रान्यो तुजमान, जो पुढे क्रोएशियाचा राष्ट्राध्यक्ष झाला, तीस-चाळीस हजारांच्या वर जायला तयार नव्हता. एकाला शेजाऱ्याची अख्खी जात खुनी ठरवायची होती, दुसऱ्याला आपल्या घराण्यावरचा डाग पुसायचा होता. मधल्या मध्ये मेलेली माणसं दोघांच्याही कामाला आली.

आज यासेनोवाचच्या स्मारक संस्थेकडे ८३,१४५ नावं आहेत. त्यांतले ४७,६२७ सर्ब, १६,१७३ रोमा, १३,११६ ज्यू. चौदा वर्षांखालची मुलं २०,१०१. ही यादी पुरी झाली असा संस्थेचाही दावा नाही. सात लाख हा आकडा एका वाक्यात फेटाळता येत होता, आणि तुजमाननं तो तसा फेटाळलाही. वीस हजार मुलं फेटाळायची तर एकेका मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जन्मसाल खोडावं लागतं. आकडा फुगवणाऱ्यांनी उस्ताशांचं सर्वांत मोठं काम केलं, असं मी म्हणतो ते म्हणूनच. खऱ्या गुन्ह्याला त्यांनी अतिशयोक्तीचं पांघरूण दिलं.

हर्झेगोव्हिनात शुरमान्त्सी गावाजवळ डोंगरात एक खोल विवर आहे. १९४१ च्या ऑगस्टमध्ये प्रेबिलोव्त्सी या सर्ब गावातल्या बायका-मुलांना उस्ताशांनी त्या विवरात लोटलं. युद्धानंतर ‘बंधुता आणि एकता’ हे राज्याचं ब्रीद होतं. विवर उघडून हाडं मोजली असती तर कोणी लोटलं हा प्रश्न आला असता, आणि लोटणाऱ्यांतले काही जण शेजारच्याच गावात जगत होते. १९६१ साली सरकारनं विवराच्या तोंडावर काँक्रीट ओतलं. तीस वर्षांनी ते फोडून हाडं बाहेर काढली गेली, मिरवणुकीनं नेऊन प्रेबिलोव्त्सीत पुरली गेली. तोवर साल १९९१ उजाडलं होतं आणि त्या मिरवणुकांत शोकापेक्षा चिथावणी जास्त होती. पुढच्याच वर्षी क्रोएट सैन्यानं तिथलं नवं स्मारकही उडवून दिलं.

मराठी वाचकाला हे सगळं अगदीच परकं वाटू नये. पानिपतात ‘लाख बांगडी फुटली’ असं आपण अडीच शतकं म्हणत आलो. सरदारांची नावं बखरीत आली. पण लष्करासोबत निघालेले यात्रेकरू, बाजारबुणगे, बायका-पोरं, ज्यांची कत्तल लढाई संपल्यावर झाली, त्यांची यादी कोणी केली नाही.

युगोस्लाव्हिया फुटत असताना बोस्नियातलं युद्ध एप्रिल १९९२ मध्ये सुरू झालं आणि १९९५ च्या डिसेंबरात संपलं. १९९१ च्या शिरगणतीत या प्रजासत्ताकाची वस्ती ४३ लाख ७७ हजार होती. बोस्नियाक मुसलमान, सर्ब आणि क्रोएट असे तीन समाज, एकाच भाषेत बोलणारे. बेलग्रेडच्या पाठिंब्यावर सर्ब सैन्यानं निम्म्याहून अधिक मुलूख घेतला आणि तिथून इतरांना हुसकलं. मध्येच बोस्नियाक आणि क्रोएटही एकमेकांवर तुटून पडले. निम्मा देश घरातून उठला.

युद्धाचं दुसरं वर्ष सरता सरता सारायेवोचं सरकार दोन लाख मृत असं सांगू लागलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते उचललं, पुढे कोणी अडीच लाख केले. ज्या शहरावर रोज तोफा चालतायत त्या शहरातल्या सरकारनं मोठा आकडा सांगावा, यात नवल नाही. मदतीला कोणी धावत नव्हतं, आणि मोठ्या आकड्यानं तरी कोणी धावेल ही आशा होती. जॉर्ज केनी नावाच्या अमेरिकी परराष्ट्र अधिकाऱ्यानं अमेरिका काहीच करत नाही म्हणून १९९२ साली राजीनामा दिला होता. त्याच केनीनं १९९५ साली लेख लिहून मृत पंचवीस ते साठ हजार असावेत असं सांगितलं, आणि मोठा गदारोळ झाला. दोन्ही बाजूंकडे अंदाजच होते.

मिरसाद तोकाचा हा युद्धकाळात बोस्नियाच्या सरकारी आयोगात युद्धगुन्ह्यांची माहिती गोळा करत होता. सरकारी नोकरीत राहून हे काम निर्मळपणे होणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. २००४ साली त्यानं सारायेवोत एक स्वतंत्र संशोधन केंद्र काढलं. पैसे बऱ्याच अंशी नॉर्वे सरकारनं दिले. केंद्राची माणसं गावोगाव गेली. लष्करी नोंदी, कबरस्तानं, वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता, घरच्यांचे जबाब, सगळं एकमेकांशी ताडून पाहिलं. एकेका माणसाची नोंद म्हणजे नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, राहण्याचं गाव, कुठे मेला, कधी मेला, सैनिक की नागरिक, आणि असला तर फोटो. बापाचं नाव फार उपयोगी पडलं, कारण एकाच खोऱ्यात एकाच नावा-आडनावाची पाच-सात माणसं सहज सापडतात. तीच नोंद दोनदा झाली असेल तर बापाच्या नावावरून धरता येते. आपल्याकडे सात-बारा वाचणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

२००७ च्या जूनमध्ये केंद्रानं आकडा जाहीर केला: ९७,२०७. जाहीर करण्याआधी मानवी हक्कांची आकडेवारी तपासणारा पॅट्रिक बॉल आणि त्याचे सहकारी यांना सगळा साठा उघडून दाखवला होता. २०१३ साली चार खंडांचं ‘मृतांचं बोस्नियन पुस्तक’ आलं, तेव्हा नावं होती ९५,९४०. त्यांतले ५७,७०१ सैनिक आणि ३८,२३९ नागरिक. दोन लाखांवर वाढलेल्या लोकांना हा अपमान वाटला. आपल्याच माणसाचं दुःख यानं अर्धं केलं, असं बोस्नियाकांतले अनेक म्हणाले. सर्ब पुढाऱ्यांनी आकडा आनंदानं उचलला आणि त्यातली फोड बाजूला ठेवली. त्या फोडीत असं होतं की मेलेल्या नागरिकांतले ८१ टक्के बोस्नियाक होते.

युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा पहिला सेनापती एक भारतीय होता, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी म्हणून दाखल झालेला हा माणूस मार्च १९९२ ते मार्च १९९३ त्या आगीत होता. सगळं पाप सर्बांच्या माथी मारणं आणि बाकीच्यांना निर्दोष ठरवणं प्रामाणिकपणाचं नाही, असं त्यानं १९९९ साली लिहिलं. यादी त्याला अर्धा दुजोरा देते. तिच्यात जवळजवळ पंचवीस हजार सर्ब आहेत, आणि त्यांतले चार हजारांवर नागरिक आहेत. पण ‘सगळेच सारखे’ हे जे वाक्य युरोपच्या राजधान्यांत तीन वर्षं सोयीनं वापरलं गेलं, त्याला ही यादी जागा देत नाही.

आणखी एक मेख आहे, आणि नागरिकांच्या मोजणीत ती जगभर येते. ‘सैनिक’ या रकान्यात आलेला प्रत्येक माणूस रणांगणावर पडलेला नव्हता. गावाच्या राखणीला रात्री बंदूक घेऊन उभा राहणारा शेतकरी लष्कराच्या पटावर असायचा. कित्येकांची नावं मरणानंतर पटावर चढली, कारण सैनिकाच्या विधवेला निवृत्तिवेतन मिळायचं आणि नागरिकाच्या विधवेला हाल सोसावे लागायचे. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या हेगच्या न्यायाधिकरणातल्या एव्हा ताबो आणि याकुब बियाक या संशोधकांनी २००५ साली १,०२,६२२ मृतांचा अंदाज दिला, त्यात नागरिक ५५,२६१ धरले होते. एकूण आकडा तोकाचाच्या जवळच, पण नागरिकांच्या आकड्यात सतरा हजारांचा फरक. माणसं तीच, रकाना वेगळा. आणि हात मागे बांधून गोळी घातलेला कैदी पटावर सैनिक असला तरी ती हत्याच असते. जबाबदारी ठरवायची तर पट पुरत नाही, मरणाची वेळ आणि जागा पाहावी लागते.

ती पाहण्याचं सर्वांत अवघड काम स्रेब्रेनित्सात झालं. ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्बांचा सेनापती जनरल रात्को म्लादिच याच्या फौजेनं संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर केलेलं हे गाव घेतलं. बायका आणि लहान मुलांना बसमध्ये घालून पाठवलं. बोस्नियाक पुरुष आणि पोरगे वेगळे काढले. जे जंगलातून पळाले त्यांतलेही बरेच पकडले गेले. काही दिवसांत सात हजारांहून अधिक जण शाळा, गोदामं, धरणाचा पायथा, शेतं अशा ठिकाणी मारले गेले. १० ऑगस्टला मॅडलिन ऑलब्राइट यांनी सुरक्षा परिषदेत विमानातून काढलेले फोटो दाखवले, ताज्या खणलेल्या मातीचे.

ते फोटो जगाला दिसले तसे म्लादिचच्या कचेरीलाही दिसले. सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्रीच्या वेळी खड्डे पुन्हा उघडले गेले. यंत्रांनी प्रेतं उचलून ट्रकांतून आडबाजूच्या गावांकडे नेली आणि पुन्हा पुरली. यंत्राचा दात प्रेत ओळखत नाही. धड एका खड्ड्यात, पाय दुसऱ्यात, बाकीचं जिथे होतं तिथेच. एकाच माणसाचे अवशेष चार-चार, पाच-पाच ठिकाणी सापडले आहेत. मारणाऱ्यांना मोजणीची भीती किती होती, ते या खटाटोपावरून दिसतं. मेलेल्यांची संख्या लागली की योजना सिद्ध होते, आणि योजना सिद्ध झाली की ती करणारा शोधावा लागतो, हे त्यांना न्यायाधीशांच्या आधी कळलं होतं.

फ्रेंच पोलीस अधिकारी ज्याँ-रने रुए याच्या पथकानं हे खड्डे एकमेकांना जोडले. कोझलुकजवळ बाटल्या भरण्याच्या कारखान्याच्या उकिरड्यावर कैद्यांना मारलं होतं. तिथली माती हिरव्या काचेच्या तुकड्यांनी भरलेली होती. तेच तुकडे, त्याच कारखान्याची लेबलं, कित्येक मैलांवर चान्चारी रस्त्यालगतच्या खड्ड्यात प्रेतांसोबत निघाली. डोळ्यांना बांधलेल्या फडक्यांचं कापड, काडतुसांवरच्या खुणा, मातीतले परागकण, सगळं तपासलं गेलं. आणि एक कागद सापडला. १४ सप्टेंबर १९९५ ची तारीख, सर्ब लष्कराच्या मुख्य कचेरीचा आदेश: अभियांत्रिकी कामांसाठी पाच टन डिझेल द्यावं. खटल्यात हा कागद पुराव्यात आला. शेकडो मैल ट्रक आणि खोदयंत्रं चालवायची तर इंधन लागतं, इंधनाला सही लागते, आणि त्या काळात तिथे डिझेल सोन्याच्या भावानं जात होतं. एखाद्या चिडलेल्या तुकडीनं स्वतःच्या डोक्यानं केलेलं हे काम नव्हतं, हे त्या पाच टनांनी सांगितलं.

दुसऱ्या टोकाला तुझ्ला शहरात बायका बसल्या होत्या. सुरुवातीला ओळख पटवायला साधन होतं ते कपडे. प्रेतांबरोबर सापडलेल्या स्वेटर, बूट, तंबाखूच्या डब्या यांचे फोटो एका जाड पुस्तकात लावले होते आणि बायका ते पान पान उलटत. स्वतः मारलेला टाका ओळखणारी आई तिथे भेटायची. पण एकाच गिरणीचा सदरा शंभर जणांच्या अंगावर असतो, आणि मदत म्हणून आलेले कपडे तर सगळ्यांचे एकसारखे. १९९६ साली स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं मग नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन हाडांच्या डीएनएशी ताडायला सुरुवात केली. पहिली जुळणी नोव्हेंबर २००१ मध्ये लागली, पंधरा वर्षांच्या एका मुलाची. त्यानंतर हजारो लागल्या. आजवर साडेसहा हजारांवर माणसं स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत नावानिशी पुरली गेली आहेत. तिथल्या शिळेवर ८३७२ हा आकडा कोरला आहे आणि त्यापुढे, ही संख्या अंतिम नाही, असंही कोरलं आहे. स्मारकावर एवढा खरेपणा मी इतरत्र पाहिलेला नाही.

बेपत्ता म्हणून लावलेली नावं प्रत्यक्षात जिवंत आहेत, परदेशात आहेत, मतदानही करतात, असा आरोप सर्ब बाजूनं सतत होत होता. नॉर्वेचा लोकसंख्यातज्ज्ञ हेल्गे ब्रुनबोर्ग यानं बेपत्तांची यादी १९९१ च्या शिरगणतीशी जुळवली. नावं खरी आहेत का ते त्यातून कळलं. मग ती युद्धानंतरच्या मतदारयाद्यांशी जुळवली, मेलेला कोणी मत देऊन गेला का ते पाहायला. आरोप टिकला नाही. त्याची साक्ष हेगच्या न्यायालयात झाली. २ ऑगस्ट २००१ रोजी म्लादिचच्या फौजेतला जनरल राडिस्लाव क्रस्तिच वंशसंहारात दोषी ठरला, ४६ वर्षांची शिक्षा. अपिलात ती वंशसंहाराला साहाय्य म्हणून ३५ वर्षांवर आली. बोस्नियन सर्बांचा राजकीय नेता राडोवान कराजिच आणि म्लादिच, दोघांनाही शेवटी जन्मठेप लागली. ज्याच्या नावापर्यंत सगळी साखळी पोचली असती तो सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच ११ मार्च २००६ रोजी कोठडीत मेला, निकाल लागण्याआधी.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला ड्राझेन एर्देमोविच होता. ब्रान्येवोच्या शेतावर १६ जुलैला बसभरून कैदी आणले जात होते आणि तो बंदूकधाऱ्यांच्या रांगेत उभा होता. नाही म्हटल्यावर ‘मग तूही त्यांच्यात जाऊन उभा राहा’ असं आपल्याला सांगितलं गेलं, अशी त्याची साक्ष आहे. त्या दिवशी हजारावर माणसं तिथे मेली. आपल्या हातून सत्तरेक मेली असतील, असं त्यानं सांगितलं. त्यानं आपण होऊन गुन्हा कबूल केला, म्हणून ती जागा सापडली. शिक्षा झाली पाच वर्षं. कित्येकांना ती फार कमी वाटते आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण तो बोलला नसता तर त्याच्या वरच्यांपर्यंत जाणारा रस्ता आणखी लांबला असता.

राष्ट्रांची जबाबदारी ठरवताना मात्र न्यायालयं कचरली. २००७ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सर्बियाला वंशसंहाराचा कर्ता मानलं नाही, तो रोखला नाही आणि करणाऱ्यांना शिक्षा केली नाही, एवढा दोष दिला. स्रेब्रेनित्सात पहारा होता डच सैनिकांचा. त्यांनी आपल्या तळावर आसरा घेतलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांना बाहेर पाठवलं आणि ते मारले गेले. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली हिशेब मांडला: ती माणसं तळावरच राहिली असती तर वाचण्याची शक्यता दहा टक्के होती, म्हणून देशाची जबाबदारी दहा टक्के. खालच्या न्यायालयानं ती तीस टक्के धरली होती. माणसं दाराबाहेर पाठवताना टक्केवारी कोणी काढली नव्हती. बोस्नियातल्या सर्ब प्रजासत्ताकानं २००४ साली स्वतःच्याच आयोगामार्फत ही कत्तल मान्य केली, आणि २०१८ साली तिथल्या विधिमंडळानं तो अहवाल रद्द केला.

सारायेवोत जबाबदारीचा प्रश्न एकेका तोफगोळ्यापाशी अडला. ५ फेब्रुवारी १९९४ ला मार्काले बाजारात १२० मिलिमीटरचा एक गोळा पडला, ६८ माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी खड्डा मोजला. कोणत्या दिशेनं आला ते सांगता आलं, किती अंतरावरून ते नक्की करता आलं नाही, आणि त्या दिशेला दोन्ही फौजा होत्या. ‘त्यांनी स्वतःवरच टाकला’ ही अफवा तिथून निघाली आणि अजून फिरते. २००३ साली न्यायाधिकरणानं बहुमतानं, सर्बांच्या ताब्यातल्या भागातून तो आला, असा निष्कर्ष काढला. वेढा घालणाऱ्या फौजेचा सेनापती स्तानिस्लाव गालिच याला अखेर जन्मठेप झाली. तोफेच्या दोरीला हात कोणाचा होता हे विचारण्यात न्यायालय थांबलं नाही. शहराला दहशत घालण्याची मोहीम कोणाची होती, हे त्यानं विचारलं.

त्याच शहरात, वेढ्याच्या आत, बोस्नियन सैन्यातल्या एका तुकडीनं सर्ब रहिवाशांना घरातून उचलून काझानीच्या डोंगरकपारीत मारलं. तुकडीचा म्होरक्या मुशान तोपालोविच होता. २०२१ साली महापालिकेनं तिथे स्मारक उभारलं, सतरा नावं कोरली. मारणारे कोणाच्या सैन्यातले होते ते मात्र कोरलं नाही. आपल्या मृतांची यादी चोख ठेवणाऱ्या शहराकडून ही अपेक्षा नव्हती.

बेलग्रेडमध्ये नताशा कांदिच हिनं १९९२ साली स्थापन केलेल्या मानवतावादी कायदा केंद्रानं कोसोवोतल्या युद्धासाठी नावं गोळा करण्याचं हेच काम केलं. १९९८ ते २००० या काळातली मृत आणि बेपत्ता माणसं: १३,५३५. अल्बेनियन, सर्ब, रोमा, सगळे एकाच यादीत. स्वतःच्या शहरात तिला देशद्रोही म्हटलं गेलं. याच केंद्रानं १९९९ साली युगोस्लाव्हियावर झालेल्या नाटोच्या बॉम्बफेकीत मेलेल्यांचीही मोजणी केली: ७५४, त्यांत ४५४ नागरिक. बेलग्रेडच्या पुढाऱ्यांच्या तोंडी हजारोंचा आकडा असतो, ब्रसेल्सच्या तोंडी आकडाच नसतो. हेगच्या सरकारी वकिलाच्या समितीनं २००० च्या जूनमध्ये सुमारे ५०० नागरिक मेल्याचं मान्य केलं आणि तपास उघडायला नकार दिला.

२३ एप्रिल १९९९ च्या पहाटे दोननंतर बेलग्रेडच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या इमारतीवर नाटोचं क्षेपणास्त्र पडलं. सोळा कर्मचारी मेले. रात्रपाळीचे तंत्रज्ञ, पहारेकरी, एक रंगभूषाकार. इमारत लक्ष्य आहे हे माहीत असूनही माणसं बाहेर काढली नाहीत, म्हणून संचालक द्रागोल्युब मिलानोविच याला २००२ साली सर्बियन न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली. ती योग्यच होती असं मला वाटतं. त्या इमारतीची लक्ष्य म्हणून निवड करणाऱ्या आणि हल्ल्याला मंजुरी देणाऱ्या कोणावरही कुठल्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला उभा राहिलेला नाही.